बुरूज बांधण्याआधी
(सामान्य काळातील २३ वा रविवार, वर्ष 'क' – लूक १४ : २५-३३)



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बुरूज बांधायला निघालेल्या माणसाचा दाखला देतो. त्या माणसाने पाया घातला, पण पुढचा खर्च झेपला नाही. काम अर्ध्यावर थांबले आणि येणारे-जाणारे त्याची थट्टा करू लागले. लंडन शहरात हा दाखला एकदा जसाच्या तसा घडला. बुरूज होता एका चर्चचा आणि बांधणारे होते एक धर्मगुरू.

डॉ. सॅम्युएल एडमंड वॉकर हे त्यांचे नाव. राणी व्हिक्टोरियाच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, ते इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलमध्ये सेंट कोलंब मेजर या गावी अँग्लिकन चर्चचे धर्मगुरू होते. कॉर्नवॉल तेव्हा एक्सिटर धर्मप्रांताचा भाग होता. कॉर्नवॉलला स्वतःचा बिशप मिळावा आणि आपल्या गावचे चर्च कॅथेड्रल व्हावे, अशी वॉकर यांची तळमळ होती. त्यासाठी त्यांनी विल्यम व्हाइट या वास्तुशिल्पकाराकडून धर्मगुरूंचे निवासस्थान इतके मोठे बांधून घेतले, की उद्या बिशप आले तरी त्यांना ते शोभावे.

वॉकर यांना सुमारे २,५०,००० पौंडांचा वारसा मिळाला होता. त्या काळी ही प्रचंड दौलत होती. तिच्या बळावर ते जमिनीच्या व्यवहारात उतरले. लंडनच्या पश्चिमेला नॉटिंग हिल येथे तेव्हा शेते व गुरांची कुरणे होती आणि शहर तिकडे सरकत होते. १८५२ च्या सुमारास वॉकर यांनी तेथे मोठी जमीन घेतली.

या धंद्याची रीत अशी होती : जमीनमालक छोट्या बिल्डरांना प्लॉट दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने द्यायचा आणि वर बांधकामासाठी पैसेही पुरवायचा. बिल्डर घरे बांधून विकायचा. घरे विकली गेली तर सगळ्यांचे भले, नाही विकली तर आधी बिल्डर बुडायचा आणि मागोमाग मालक. त्या जमिनीवर ऐटबाज घरांच्या रांगा उभ्या राहाव्यात आणि मधोमध एक भव्य चर्च असावे, असा वॉकर यांचा बेत होता. १८५२ मध्ये 'ऑल सेंट्स', म्हणजे सर्व संतांच्या नावाने, चर्चचे काम सुरू झाले. आराखडा पुन्हा विल्यम व्हाइट यांचाच होता. बुरुजावर उंच मनोरा येणार होता.

पण घरे फार झाली आणि गिऱ्हाईक थोडे राहिले. १८५४ मध्ये ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले, पैसा महाग झाला. बिल्डरांचे दिवाळे निघाले आणि वॉकरही बुडाले. विनाछपराच्या, विनाखिडक्यांच्या घरांच्या रांगा वर्षानुवर्षे तशाच पडून राहिल्या. अर्धवट चर्च चिखलात उभे होते. लोकांनी त्याचे नाव बदलून टाकले. 'सर्व संतां'च्या चर्चला ते 'चिखलातील सर्व पापी' म्हणू लागले.

बंधुभगिनींनो, या माणसाला हसणे सोपे आहे. पण त्याचा हेतू वाईट नव्हता. मग चुकले कुठे?

संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण येथे उपयोगी पडते. कृती चांगली ठरायची तर नुसता हेतू चांगला असून भागत नाही. जे करतो ते आणि ज्या परिस्थितीत करतो तीही योग्य असावी लागते. देवासाठी मोठा खर्च करण्याला संत थॉमस सद्गुणच मानतात, पण विवेकाशिवाय कोणताही सद्गुण पुरा होत नाही, असेही ते सांगतात. 'देवाचे काम आहे, देव बघून घेईल' असे आपण म्हणतो, तेव्हा ती दर वेळी श्रद्धाच असते असे नाही. कधी कधी तो हिशेब टाळण्याचा मार्ग असतो.

याचा अर्थ येशू आपल्याला केवळ हुशार व्हा असे सांगतो का? त्याच नॉटिंग हिलमध्ये चार्ल्स हेन्री ब्लेक नावाचे गृहस्थ होते. कलकत्त्याला नीळ, साखर आणि रमच्या धंद्यात त्यांनी पैसा कमावला आणि लंडनला परतून तो जमिनीत घातला. तेही बुडता बुडता वाचले. पुढे ते हॅमरस्मिथ अँड सिटी रेल्वेच्या उभारणीत शिरले. १८६४ मध्ये गाडी सुरू झाली, जमिनीला भाव आला आणि ब्लेक तरले. हिशेब त्यांना चांगला जमला. पण येशूने दाखल्याचा शेवट 'नीट हिशेब करा' असा केलेला नाही. सर्वस्वाचा त्याग केल्याशिवाय माझा शिष्य होता येत नाही, हा त्याचा शेवट आहे. शिष्यत्वाचा खर्च मोजायला बसलो की कळते, तो खर्च म्हणजे आपण स्वतः आहोत.

येथे वॉकर यांच्या कथेतील खरी मेख सापडते. त्यांनी देवाला जे देऊ केले, त्यातले पुष्कळसे अजून हाती आलेच नव्हते. ते उद्याच्या नफ्यातून यायचे होते. नफा बुडाला आणि त्याबरोबर देवाचे दानही बुडाले.

आपलेही असेच होत नाही का? वसई-विरार परिसरात किती वाड्यांच्या जागी आज इमारती आहेत, हे आपण पाहतोच. 'फादर, जमिनीचा व्यवहार होऊ द्या, मग देवळाला भरघोस देणार', असे वचन देणारी माणसे भेटतात. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण देवाला उद्याचे वचन नको, आजची भाकर हवी. आज हाताशी असलेला वेळ, आज घरातील म्हाताऱ्या आईबापांजवळ बसून बोलणे, आज शेजारच्या आजारी माणसाला मदत करणे, याला व्यवहार पुरा होण्याची वाट पाहावी लागत नाही.

आणि व्यवहार पुरा झालाच, तर पैसे देवळाकडे वळवण्याआधी थोडे थांबा. बहिणीचा वाटा दिला का? भावाशी कोर्टात चाललेला दावा मिटवता येईल का? त्या जमिनीवर आयुष्यभर राबलेल्या मजुराचे काही देणे उरले आहे का? अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, असे येशूनेच सांगितले आहे. न्याय आधी, दान नंतर. ज्या देणगीमागे बहिणीचे अश्रू आहेत, तिची संगमरवरी पाटी देवळाच्या भिंतीवर लागेल, पण स्वर्गात तिची नोंद होईल असे मला वाटत नाही.

ऑल सेंट्स चर्चचे पुढे काय झाले? दुसऱ्यांनी ते काम हाती घेतले. १८६१ मध्ये ते पुरे होऊन त्याचे पवित्रीकरण झाले, पण बुरुजावर मनोरा कधीच चढला नाही. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांत त्याचे नुकसान झाले, ते पुन्हा दुरुस्त झाले आणि आजही तेथे उपासना होते. कॉर्नवॉललाही १८७६ मध्ये स्वतंत्र धर्मप्रांत मिळाला, पण सेंट कोलंबला नव्हे, ट्रुरोला. वॉकर यांना जे हवे होते ते देवाने घडवले, पण वॉकर यांच्या आराखड्याप्रमाणे नव्हे. आपले बेत डळमळीत असतात आणि देवाचे मनोगत आपल्या बुद्धीला गवसत नाही, हेच आजच्या पहिल्या वाचनात ज्ञानग्रंथ सांगतो.

म्हणून ज्यांचे काही अर्धवट राहिले आहे, घर, धंदा, मुलांचे शिक्षण, एखादा नवस, त्यांनी निराश होऊ नये. लोक हसतील. देव हसत नाही.

या आठवड्यात रात्रीच्या रोजरीनंतर कुटुंबाने पाच मिनिटे एकत्र बसावे आणि एकच प्रश्न विचारावा : आपण कोणाचे काय देणे लागतो? उत्तर मिळाले की त्यातले एक तरी देणे पुढच्या रविवारच्या मिस्साआधी फेडावे.

हे प्रभो, आमच्या हातून पाया घालून घे आणि भिंती तुझ्या इच्छेप्रमाणे उभ्या कर. जे आमचे नाही ते परत करण्याचे धैर्य दे आणि जे आमचे आहे ते तुला देण्याचा आनंद दे. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू