प्रश्न पैशाचा नाही!

मराठी मध्यमवर्गीय माणूस कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी भाजीवालीशी पाच मिनिटे हुज्जत घालील, रिक्षाच्या मीटरकडे डोळ्यांत तेल घालून पाहील, इस्त्रीवाल्याने मोजून आणलेले कपडे त्याच्यादेखत पुन्हा मोजील. पण तोच माणूस वकिलासमोर बसला, की 'तुमची फी किती?' हे तीन शब्द काही त्याच्या तोंडून बाहेर पडत नाहीत. तो खुर्चीच्या कडेवर बसतो, घसा साफ करतो, कपाटातले जाड जाड ग्रंथ मोजतो (आणि तेवढ्यानेच त्याचा फीचा अंदाज दोन हजारांनी वाढतो), आणि शेवटी पुटपुटतो, "फीचं काय ते... बघूच आपण." वकीलही उदारपणे म्हणतात, "हो हो, बघू." या 'बघू'च्या पोटात पुढच्या पाचसहा वर्षांचे भांडण दडलेले असते.

हा संकोच दोन्ही बाजूंनी आणि फार जुना आहे. विलायती बॅरिस्टरांच्या काळ्या झग्याला पाठीमागे एक छोटीशी पिशवी असायची. अशिलाने तिच्यात गुपचूप नाणी टाकावीत आणि बॅरिस्टरसाहेबांनी ती मोजताना कुणाला दिसू नये, म्हणून ती सोय होती, अशी दंतकथा आहे. आपल्याकडे झगा आला, पिशवी शिंप्याकडेच राहिली, संकोच मात्र शिल्लक उरला. त्यातून आपल्या वकिलांना जाहिरात करण्यास बंदी. दाराबाहेर पाटी लावायची, तर तीही बेताच्या आकाराची. उडप्याच्या हॉटेलात इडली कितीला आणि साधा डोसा कितीला हे भिंतीवर लिहिलेले असते. वकिलाच्या कचेरीत भिंतीवर फक्त एखादा देव आणि कॅलेंडर. देवाचा उपयोग काय ते मला लवकरच कळले. कॅलेंडरचा उपयोग तर सर्वांनाच ठाऊक आहे.

माझे प्रकरण 2019 सालचे. कोथरूडमधली भाड्याची जागा सोडताना घरमालकांनी अनामत रकमेतून अठरा हजार रुपये कापून घेतले. कारण काय, तर म्हणे भिंतींना रंग द्यावा लागेल. आम्ही राहायला आलो तेव्हाच त्या भिंतींचा रंग नेमका कोणता, यावर आमच्या घरात मतभेद होते. तरीही मी एक वेळ गप्प बसलो असतो. पण घरमालक जाता जाता म्हणाले, "जा की कोर्टात!" आणि ते हसले. अठरा हजार गेल्याचे दुःख एका तराजूत घातले, तर ते हसणे दुसऱ्या तराजूत जड भरले असते. मी घरी येऊन जाहीर केले, "प्रश्न पैशाचा नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे!"

सौ. म्हणाली, "मग तत्त्वाला किती खर्च येतो ते आधी विचारून या."

वकीलसाहेब साठीच्या पुढचे, सावकाश बोलणारे. त्यांनी माझे तत्त्व शांतपणे ऐकून घेतले आणि मी न विचारताच एका कोऱ्या कागदावर उभे आकडे मांडायला सुरुवात केली. नोटिशीचे अडीच हजार. दावा लावायचा झाला तर त्यांची फी पंधरा हजार, टप्प्याटप्प्याने. त्याशिवाय कोर्ट फी, वकीलपत्राची तिकिटे, प्रतिज्ञापत्र, नोटरी, टायपिंग, समन्स बजावणी आणि झेरॉक्स. (न्यायदेवता आंधळी असली तरी तिला प्रत्येक कागदाच्या तीन प्रती लागतात.) बेरीज पंचवीस हजारांच्या पुढे गेली, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, "यात तुमचं शिवाजीनगरला येणंजाणं आणि रजा धरलेली नाही. शिवाय साहेब, घाई नाही. असा दावा लावायला कायद्यानं तीन वर्षं मिळतात. राग तेवढे दिवस टिकतोय का ते आधी बघा."

"पण मी जिंकलो, तर खर्च समोरच्याकडूनच मिळेल ना?" मी विचारले.

"मिळू शकतो. पण मिळतो तो बहुधा कागदावरचा. तुमच्या खिशातून जातो तो वेगळा." मग त्यांनी जे सांगितले ते ऐकून मी खुर्चीत मागे टेकलो. साध्या दिवाणी दाव्यात समोरच्याने जाणूनबुजून खोटा बचाव केला असे कोर्टाला पटले, तर भरपाई म्हणून त्याच्याकडून वेगळी रक्कम वसूल करता येते; पण तिला मर्यादा आहे तीन हजार रुपयांची. 1976 च्या दुरुस्तीने ती हजाराची तीन हजार केली, आणि साध्या दाव्यांपुरती ती तिथेच बसून आहे. सोने, दूध, वडापाव, सगळे कुठल्या कुठे गेले. लबाडीचा तेवढा भाव सरकारने बांधून ठेवलेला आहे.

इथे माझ्या डोक्यात जो प्रश्न घुसला तो आजतागायत बाहेर पडलेला नाही. अठरा हजार मिळवायला पंचवीस हजार घालवणे मूर्खपणाचे, हे चौथीतल्या मुलालाही कळेल. पण घरमालकांनी ते गणित माझ्या आधीच करून ठेवले होते. ते हसले ते त्याच उत्तराला! म्हणजे मी शहाणपणाने वागणार, या खात्रीवरच त्यांचा व्यवहार उभा होता. आणि माझ्यानंतर तिथे जो भाडेकरू येईल, तोही शहाणाच असणार. त्याच्या नावाने अठरा हजारांचा रंग तयारच आहे.

आमचे मामा म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मामांनी उभ्या जन्मात ती चढली नाही, आणि गावाकडचा त्यांचा बांध दरवर्षी वीतभर आत सरकत गेला. शहाणे चढणारच नाहीत म्हटल्यावर त्या पायऱ्या कुणासाठी बांधल्या आहेत? मग पदरचे सात हजार घालणारा माणूस मूर्ख, की पुढच्या दहा भाडेकरूंच्या वतीने एकट्याने वर्गणी भरणारा? 'तत्त्वाचा प्रश्न' हे शब्द आपण फार सैल तोंडाने वापरतो. वकिलाचा कागद समोर आला, की आपले तत्त्व नेमके किती रुपयांपर्यंत टिकते ते रोख कळते. माझे त्या दिवशी सुमारे अकरा हजारांपर्यंत टिकले असते, असा माझा हिशेब आहे.

यावर मध्यमवर्गाने शोधून काढलेला एक रामबाण तोडगा आहे, तो मीही सुचवून पाहिला. "साहेब, असं करू या. जिंकलो तर त्यातला तिसरा हिस्सा तुमचा!" वकीलसाहेबांनी कानांवर हात ठेवले. निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, अशिलाच्या मिळकतीत हिस्सा घ्यायचा नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे, आणि 2017 साली सुप्रीम कोर्टाने टक्केवारीच्या एका प्रकरणात तो पुन्हा ठणकावून सांगितला. पहिल्यांदा मला हे वकिलांच्याच सोयीचे वाटले. डॉक्टर नाही का, रोगी बरा होवो न होवो, फी घेतातच! पण नंतर विचार केला, की माझ्या अठरा हजारांत ज्याचे सहा हजार अडकले, तो मला 'मिटवून टाका' असा सल्ला मोकळ्या मनाने देईल का? तो तर माझा भागीदारच झाला. कुणाचा काही हिस्सा नाही, असा एक तरी माणूस भांडणात हवा, आणि त्या नसलेल्या हिश्शाचेच पैसे आपण मोजतो.

पैसेच नसतील त्याने काय करावे, याचे उत्तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. ठरावीक उत्पन्नाच्या आतल्यांना, अनुसूचित जातीजमातींना, कामगारांना आणि उत्पन्न कितीही असो, स्त्रियांना सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. हे मी घरी वाचून दाखवले तेव्हा सौ. शांतपणे म्हणाली, "करार माझ्या नावावर करा म्हणाले होते, तेव्हा हसलात." पुढची दोन मिनिटे घरात फक्त पंख्याचा आवाज होता.

वकिलीत संकोच करणाऱ्यांमध्ये आपण फार मोठ्या माणसाच्या पंक्तीला आहोत, हा त्यातल्या त्यात दिलासा. 1891 साली विलायतेहून परतलेल्या बॅरिस्टर गांधींनी मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात तीस रुपये फीवर पहिले काम घेतले. ते साक्षीदाराला प्रश्न विचारायला उभे राहिले, त्यांना एकही प्रश्न सुचेना, ते खाली बसले. फी परत करून, वकील पटेलांना द्या म्हणाले. पटेलांचे लागले एक्कावन्न. आत्मकथेत त्यांनी हे आकड्यांसकट लिहून ठेवले आहे. पुढे 1893 साली ते आफ्रिकेत गेले ते वर्षाच्या एकशेपाच पौंडांवर, दादा अब्दुल्लांच्या चाळीस हजार पौंडांच्या दाव्यासाठी. दावा नात्यातल्याच शेटजींवर. दोन्ही बाजूंच्या वकिलांची बिले अशी वाढत चालली, की त्यात दोघेही साफ बुडणार हे गांधींना दिसले. मग त्यांनी दोघांना लवादाकडे नेले, आणि लवादाचा निकाल आपल्या बाजूने लागल्यावर हरलेल्याला हप्ते बांधून देण्यासाठी स्वतःच्याच अशिलाचे मन वळवले. तसे पाहिले तर वकिलाचे हे सर्वांत मोठे काम. पण त्याची फी कोणत्या रकान्यात लिहिणार? जो दावा चाललाच नाही त्याच्या तारखा कशा मोजणार?

शेवटी मी अडीच हजार दिले आणि नोटीस पाठवली. वीस ओळींची ती नोटीस. म्हणजे ओळीला सव्वाशे रुपये. मी गेली तीस वर्षे लिहितो आहे. मला पानालाही तेवढे मिळालेले नाहीत. पण वकीलसाहेबांच्या ओळी लोक दोनदोनदा वाचतात, हेही खरे. 'आमचे अशील' म्हणून माझा एवढा आदराने उल्लेख त्यापूर्वी कुणी केला नव्हता. तळाशी 'या नोटिशीचा खर्च रु. 2500 आपणांवर बसविला आहे' असे एक वाक्य होते. ते मला फार आवडले. तो खर्च त्यांच्यावर बसला नाही, तो माझ्यावरच बसून राहिला. पण वाक्य आवडले.

तीन आठवड्यांनी घरमालकांच्या वकिलांचे उत्तर आले. त्यात भिंतींचे वर्णन मोठे हृदयद्रावक होते. पण उत्तर आले याचा अर्थ घरमालकांनीही कुठल्या तरी कचेरीत, खुर्चीच्या कडेवर बसून, घसा साफ केला होता. ते हसणे आता फुकटचे राहिले नव्हते. दोन्ही वकिलांचे फोनवर बोलणे झाले आणि बारा हजारांवर मिटले. नोटिशीचे वजा जाता माझ्या हाती साडेनऊ. वकीलसाहेबांनी मिटवण्याचे वेगळे काही घेतले नाही. मी फार आग्रह केला तेव्हा चहा घेतला.

वर्षभराने घरमालक मंडईत भेटले. हातात पिशव्या, चेहरा त्रासलेला. नवा भाडेकरू भाडेही देत नव्हता आणि जागाही सोडत नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, तुमचे ते वकील... नोटीस फार कडक लिहितात हो. नंबर द्या ना जरा. फी किती घेतात?"

मी नंबर दिला. फीचे म्हणालो, "बघू म्हणतील."