स्नॅपशॉट

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि त्याच्या आत, व्हर्च्युअलबॉक्सच्या एका खिडकीत, बाबांचं विंडोज एक्सपी. ८ एप्रिल २०१४ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट थांबवला, म्हणून त्याचं इंटरनेट मी तोडलंय. बाबा गेल्यावर त्यांच्या जुन्या पीसीची हार्ड डिस्क आहे तशी इथे आणली, कारण त्यांचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम नव्या सिस्टिमवर चालत नाही. तिथे त्यांच्या फाइली म्हणजे अक्षरांची नुसती खिचडी.

त्यात काकांना लिहिलेलं पत्र सापडलं. अर्धवट. ‘वाटणीत माझं चुकलं’ इथवर येऊन थांबलेलं.

मी स्नॅपशॉट घेतला, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवली. मग पत्र पूर्ण करून पाहिलं. रिस्टोअर. मग डिलीट करून पाहिलं. पुन्हा रिस्टोअर. दोन्ही वेळा पत्र जसंच्या तसं परत आलं.

जे मागे घेता येतं, ते केलं असं म्हणायचं का? मला वाटायचं, नाही. तो नुसता सराव. पण डिलीट करताना मला हायसं वाटलं होतं. वाटणीतली ती जमीन आज माझ्या नावावर आहे. स्नॅपशॉट फक्त आतल्या मशीनचा असतो, ज्याला ‘गेस्ट’ म्हणतात. बाहेरच्या ‘होस्ट’मध्ये जे घडतं, ते तसंच राहतं. ते हायसं वाटणं माझ्यात राहिलंय.

पत्राचा प्रिंट काढलाय, अर्धवटच. रविवारी काकांकडे जाणार आहे.