पार्क स्ट्रीटचा जॅझ कुणाचा?

योहान ग्रिमोनप्रे या बेल्जियन दिग्दर्शकाचा 'साउंडट्रॅक टू अ कू देता' हा 2024 चा माहितीपट पाहिल्यावर जॅझ नुसता कान देऊन ऐकता येत नाही. 30 जून 1960 रोजी काँगो स्वतंत्र झाला आणि 17 जानेवारी 1961 रोजी त्याचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांची हत्या झाली. लुमुंबांना सत्तेवरून हटवण्यात आल्यानंतरच्या आठवड्यांत, अमेरिकी सरकारने दौऱ्यावर पाठवलेले लुई आर्मस्ट्राँग त्याच काँगोत ट्रम्पेट वाजवत होते. पुढे 15 फेब्रुवारीला गायिका ॲबी लिंकन आणि ड्रमवादक मॅक्स रोच न्यूयॉर्कमध्ये निदर्शकांसह थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत शिरले आणि त्या हत्येचा निषेध केला. जॅझ सत्तेचे हत्यार होता की मुक्तीचा आवाज, हा प्रश्न हा माहितीपट जोरकसपणे उभा करतो. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटकडे पाहिले की मात्र हा प्रश्न अपुरा वाटू लागतो. तिथे पोटासाठी रोज रात्री जॅझ वाजवणारा माणूस या दोन्ही उत्तरांत बसत नाही, आणि स्वातंत्र्याने त्याला आपले मानले का, हे कुणी विचारत नाही.

शीतयुद्धातल्या मुत्सद्देगिरीने 1958 मध्ये अमेरिकी जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांना भारतात आणले. त्या दौऱ्यातून निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत 'कलकत्ता ब्लूज' ही रचना आहे. पण कलकत्त्यात जॅझ त्याच्या बराच आधी, सरकारी आमंत्रणाशिवाय पोहोचला होता. टेडी वेदरफर्ड हा कृष्णवर्णीय अमेरिकी पियानोवादक शिकागो सोडून 1926 मध्ये शांघायला गेला आणि पुढे चौरंगीवरच्या ग्रँड हॉटेलात स्थिरावला. 1943 च्या दुष्काळात त्या रस्त्याच्या पदपथांवर माणसे अन्नावाचून मरत होती, तेव्हा आत नाच चालू होता. साम्राज्याची निर्दयता याहून उघडी क्वचितच दिसली असेल. तरी तिचा जाब वाद्यवृंदाला विचारता येत नाही. ज्या देशाच्या सैन्यातही गोऱ्या-काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या, त्या देशातून वेदरफर्ड आला होता आणि 1945 मध्ये याच शहरात पटकीने गेला. त्याच्या बँडमधला पुष्कर बहादुर हा नेपाळी ट्रम्पेटवादक 'जॉर्ज बँक्स' या नावाने वाजवत असे. साहेबाच्या हॉटेलात वाजवायचे तर नावही साहेबी लागे. टेबलावर बसलेला आणि मंचावर उभा राहिलेला, या दोघांना एकाच वर्गात ढकलणे हा अन्याय आहे.

यावर आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे: फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे झेलणाऱ्या शहराने पार्क स्ट्रीटच्या मूठभर श्रीमंतांच्या करमणुकीसाठी का हळहळावे? शिवाय कृष्णवर्णीय अमेरिकेशी नाते जोडायला बंगालकडे दुसरा रस्ता होताच. हेमांग बिश्वास यांनी जॉन हेन्री या कामगाराचे गाणे बंगालीत आणले आणि ते जनआंदोलनात गायले गेले. हा वारसा मोठा आहे, तो कमी लेखण्याचे कारण नाही. पण डाव्या चळवळीने ज्या श्रमिकाचा गौरव केला, तसाच एक श्रमिक पार्क स्ट्रीटवरच्या ब्लू फॉक्स या रेस्टॉरंटमध्ये रात्रपाळी करत होता, हे तिच्या नजरेतून निसटले. पॅम क्रेन गात होत्या, गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस सॅक्सोफोन वाजवत होते, पुष्कर बहादुर यांचे चिरंजीव लुईज बँक्स पियानोवर होते. अँग्लो-इंडियन, गोवेकर, नेपाळी असे हे सगळे अधल्यामधल्या समाजांतले. अमेरिकेच्या दृष्टीने ते प्रचाराचे श्रोते होते आणि नव्या राष्ट्राच्या दृष्टीने जुन्या राजवटीची उरलीसुरली खूण.

दुसरा आक्षेप असा की पार्क स्ट्रीट कुणी मारला नाही, काळानेच तो मागे पडला. यात तथ्य आहे. सत्तरच्या दशकातली राजकीय अशांतता, अंधार करणारे भारनियमन, करमणूक कर, अँग्लो-इंडियन कुटुंबांचे परदेशी स्थलांतर आणि बदलती आवड, ही सारी कारणे खरी आहेत, कुणा एकाला आरोपी करता येणार नाही. पण अभिरुची बदलली म्हणून स्मृती पुसावी लागत नाही. मुंबईत गोवेकर वादकांना हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांनी सामावून घेतले, तरीही त्यांची नावे श्रेयनामावलीत फारशी आली नाहीत. कोलकात्याच्या वादकांना तेवढाही मोठा आधार मिळाला नाही. लुईज बँक्स मुंबईला आले. गिटारवादक कार्ल्टन किट्टो मात्र कोलकात्यातच विद्यार्थी घडवत राहिले, 2016 मध्ये वारले. सुशील कुरियन यांनी 'फाइंडिंग कार्ल्टन' या माहितीपटात त्यांचा शोध घेतला, म्हणून त्यांची वाट निदान नोंदली तरी गेली.

1988 मध्ये दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' हे राष्ट्रीय एकात्मतेचे गीत आले. त्याच्या संगीतामागे आपले अशोक पत्की आणि हेच लुईज बँक्स होते. ज्या परंपरेला परकी म्हणून बाजूला ठेवले, तिच्यात तयार झालेला कलावंत देशाचा एकोप्याचा सूर जुळवायला हाताशी आला. जॅझ भारतीय आहे का, या वादाचा निकाल मला यातच लागलेला दिसतो. वसाहतवादातून मुक्त होणे म्हणजे साहेबाची प्रत्येक खूण खरवडून काढणे नव्हे, तर साहेबाच्या चाकरीत असलेल्या आपल्या माणसांना सन्मानाने परत आपले म्हणणे. हे काम आपण अर्धवट सोडले आहे. त्या काळातले काही कलावंत अजून हयात आहेत, तोवर विद्यापीठांनी, आकाशवाणीने आणि संगीतसंस्थांनी कोलकाता, गोवा आणि मुंबई इथे त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. हे काम पुढच्या पिढीवर ढकलता येणार नाही, कारण तोवर सांगणारे उरणार नाहीत.