तुमच्यातलंच घेईन थोडं

घरातली सगळी मंडळी हॉटेलात जेवायला गेली की मेन्यूकार्ड आधी मुलांच्या हातात जातं. मग ते मोठ्यांकडे येतं. पर्स मांडीवर घेऊन कडेच्या खुर्चीवर बसलेल्या आईपर्यंत ते पोचतं, तोवर ऑर्डर बहुतेक ठरलेली असते. कुणीतरी आठवणीनं विचारतं, ‘आई, तुला काय सांगू?’ ती म्हणते, ‘मला वेगळं काही नको. तुमच्यातलंच घेईन थोडं.’ वेटर काहीच न लिहिता पुढं विचारतो, ‘रोटी किती?’

हे वाक्य मी आजीकडून ऐकलं, आईकडून ऐकलं, मावश्या-आत्यांकडूनही ऐकलं. पुरुषाच्या तोंडून क्वचितच ऐकलं असेल.

वाटून खाण्यावर माझा फार जीव आहे. सूप वन बाय टू, मसाला पापडाचे चार तुकडे, सहा माणसांत दोन भाज्या आणि एक दाल तडका, शेवटी जीरा राईस ‘एक हाफ बस होईल’ हा आपल्या मध्यमवर्गीय घरांचा पिढ्यांचा हिशेब आहे. त्यात काटकसर आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो. पण तिच्याहूनही मोठी एक गोष्ट त्यात आहे. घरी एकच भाजी सगळ्यांच्या ताटात पडते, तिथं कुणाच्या आवडीनिवडीचा प्रश्न फारसा येत नाही. हॉटेलात धाकट्याचे नूडल्स, थोरलीचं पनीर, बाबांची तिखटजाळ व्हेज कोल्हापुरी असं सगळं एका टेबलावर येतं, आणि ‘हे चाखून बघ’ म्हणत एकाची आवड दुसऱ्याच्या ताटात जाते. आजोबांना आयुष्यात पहिल्यांदा नूडल्सची चव कळते ती नातवाच्या बाऊलमधून. उष्ट्या-खरकट्याच्या बाबतीत काटेकोर असलेली आजीसुद्धा डाव्या हातानं चमचा धरून सगळ्यांना नीट वाढते आणि स्वतःही घेते.

आपल्याकडे या एकत्र येण्याला काल्याची मोठी परंपरा आहे. गावोगावचे हरिनाम सप्ताह काल्याच्या कीर्तनानं पुरे होतात. पंढरीची आषाढी वारीसुद्धा पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्यानंच संपते. सवंगडी रानात आपापल्या शिदोऱ्या सोडतात, कृष्ण त्या सगळ्या एकत्र कालवतो आणि सगळे मिळून खातात, ही कथा ठाऊक नसलेलं मराठी घर विरळाच. ती ऐकताना मला नेहमी वाटतं, काल्याचा मोठेपणा नंतरच्या वाटपाइतकाच आधीच्या मिसळण्यात आहे. गरिबाच्या पोराची शिळी भाकरीसुद्धा त्यात पडते. कुणाचीही शिदोरी बाजूला ठेवून काला होत नाही.

मग आपल्या टेबलावरच्या काल्यात आईची शिदोरी कुठे असते? ती सगळ्यांच्या डिशमधलं थोडं थोडं घेते, पण तिनं मागवलेलं असं तिथं काहीच नसतं. तिच्या आवडीचा घास कुणालाच चाखायला मिळत नाही. कित्येक घरांत ती आवड काय आहे हेसुद्धा मुलांना सांगता येणार नाही.

ही सवय हॉटेलात लागलेली नाही, ती घरातून येते. सणावारी पुरुषांची पंगत आधी उठायची आणि बायकांची बसेपर्यंत भजी संपलेली, आमटी निवलेली असायची. पंगती गेल्या, टेबल-खुर्च्या आल्या, तरी तव्यावरची गरम पोळी प्रत्येकाच्या ताटात पडावी म्हणून एक बाई ओट्यापाशी उभीच राहिली. सगळ्यांचं झाल्यावर ती बसते. भांड्याच्या तळाशी राहिलेली भाजी, मुलानं टाकलेला पोळीचा तुकडा, ‘टाकायला जीवावर येतं’ म्हणून संपवलेला कालचा भात हेच तिचं जेवण. अशा बाईला हॉटेलात ‘तुला काय हवं’ असं विचारलं, तर ती चटकन काय उत्तर देणार?

म्हणून मला थाळीची हॉटेलं फार आवडतात. अमर्यादित थाळी असते तिथं ‘एका थाळीत दोघांना जेवता येणार नाही’ अशी पाटी असते. मालकानं ती आपल्या धंद्यासाठी लावलेली असते, पण तिच्यामुळे आईसमोर तिचं स्वतःचं भरलेलं ताट येतं. ‘तुमच्यातलं’ घ्यायची सोयच राहत नाही. मग वाढपी येतात. एकाच्या हातात आमटी, दुसऱ्याच्या हातात गरम पोळ्या, तिसऱ्याच्या हातात तूप. ‘घ्या की ताई, अजून एक पुरणपोळी!’ जन्मभर सगळ्यांना आग्रह करकरून वाढणारी बाई अशा वेळी हात आडवा धरून ‘बास बास’ म्हणते आणि वाढपी तरीही वाढतो. त्या क्षणी तिच्या चेहऱ्याकडे कधी नीट पाहा. तव्यावरून उतरलेली पोळी बसल्या जागी, ताज्या भाजीबरोबर, तिला घरी किती वेळा मिळाली असेल?

थाळी नसेल तिथं थोडे कष्ट आपण घ्यायला हवेत. अनेक मेन्यूकार्डं इंग्रजीत असतात, अक्षर बारीक असतं, आणि ‘हंडी’, ‘पसंदा’, ‘दिवाणी’ अशा नावांवरून ताटात नक्की काय येणार हे भल्याभल्यांना कळत नाही. शिवाय आई कार्ड हातात आलं की आधी उजवीकडचे आकडे वाचते. अशा वेळी ‘सांग ना गं, काय हवं?’ असा घाईचा प्रश्न म्हणजे नुसता उपचार झाला. भाजीत काय काय असतं ते तिला सांगावं, तिखट चालेल का ते विचारावं, दोन-तीन पदार्थ पुढं करून त्यांतलं एक निवडायला लावावं, किमतीचा विषय निघाला तर तो तिथंच थांबवावा. एवढं झालं की ती बोलते. आणि कधी कधी असं काही मागते की मुलं एकमेकांकडे बघतात. ओल्या नारळाच्या चटणीबरोबर साधी इडली, किंवा झणझणीत मिसळ आणि जादा तर्री! तिला एवढं तिखट आवडतं हे घरात कुणाला माहीतच नसतं, कारण घरातला स्वयंपाक तिनं कायम दुसऱ्यांच्या जिभेला जपून केलेला असतो.

चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारी आजी किंवा डॉक्टरांनी साखर बंद केलेले आजोबा सोबत असतील, तर त्यांच्याही बाबतीत हेच करावं. ‘त्यांचं काय, ते दहीभात खातील’ हे त्यांच्या वतीनं आपण ठरवू नये.

या रविवारी सगळे मिळून बाहेर जाणार असाल, तर कार्ड आधी आईच्या हातात द्या. चष्मा पर्समध्ये असेल तर काढायला लावा. ऑर्डर तिच्यापासून सुरू करा, आणि तिनं मागवलेली डिश आली की ती टेबलाच्या मध्ये न ठेवता तिच्या पुढ्यात ठेवायला वेटरला सांगा. त्यातलं सगळ्यांना वाढायचं काम ती स्वतःच करील. फक्त पहिला घास तिला घेऊ द्या.