पिंक फ्लॉइड: सुरुवात ‘मेडल’पासून

पिंक फ्लॉइड ऐकायला कुठून सुरुवात करावी, असं कुणी विचारलं की उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: ‘द डार्क साइड ऑफ द मून’. १९७३ साली आलेला हा अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत १९८८पर्यंत एकूण ७४१ आठवडे होता. त्याच्या वेष्टनावरचा लोलक आणि त्यातून फुटणारे रंग तर एकही गाणं न ऐकलेल्यांच्या ओळखीचे आहेत. अल्बम थोर आहे, यात वादच नाही. तरीही नव्या श्रोत्याच्या हाती तो पहिल्यांदा देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मी १९७१चा ‘मेडल’ देईन, आणि तोही उलटा करून, दुसऱ्या बाजूने लावायला सांगेन.

‘डार्क साइड’ हे पुरतं तयार होऊन आलेलं काम आहे. अल्बम बाजारात येण्याआधी वर्षभर बँड ही गाणी कार्यक्रमांतून सलग वाजवत होता. १९७२च्या फेब्रुवारीत लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये ती लोकांनी ऐकली होती. वाजवता वाजवता प्रत्येक जोड घासून गुळगुळीत झाला. एक गाणं कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, याचा पत्ता लागत नाही. अशा कामासमोर नवा श्रोता थक्क होतो आणि तिथेच थांबतो. त्याआधीचं सगळं त्याला कच्चा खर्डा वाटू लागतं, नंतरचं सगळं उतार. बँडचा शोध कशाचा होता, हे न कळताच त्याला सापडलेली वस्तू मिळते.

दुसरा सल्ला वरवर शहाणपणाचा असतो: पहिल्या अल्बमपासून क्रमाने ऐका. पण १९६७चा ‘द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन’ हा सिड बॅरेटचा बँड आहे. त्यातली अकरापैकी आठ गाणी एकट्या बॅरेटची. पुढच्या वसंतापर्यंत त्याची मानसिक अवस्था इतकी ढासळली की त्याला बँडबाहेर पडावं लागलं, आणि मागे उरलेल्यांकडे गाणी लिहिणारा कुणी नव्हता. रॉजर वॉटर्स, रिचर्ड राइट, निक मेसन आणि नव्याने आलेला डेव्हिड गिल्मर यांनी पुढची तीन-चार वर्षं अक्षरशः चाचपडत काढली. चित्रपटांना संगीत दिलं. अर्धा कार्यक्रमातला आणि अर्धा प्रत्येकाने आपापला रचलेला असा एक जोडअल्बम केला. रॉन गीसिन या संगीतकाराला सोबत घेऊन पितळी वाद्यं आणि समूहगायनासह एक लांबलचक रचनाही केली. क्रमाने निघालेला श्रोता या रानात हमखास वाट चुकतो.

आणि तरी हे चाचपडणंच मला या बँडमधलं सर्वात मोलाचं वाटतं. १९७१च्या जानेवारीत चौघे अ‍ॅबी रोडच्या स्टुडिओत आले तेव्हा त्यांच्याकडे एकही तयार गाणं नव्हतं. जमेल ते वाजवायचं, ध्वनिमुद्रित करायचं, असं त्यांनी ठरवलं. त्या तुकड्यांना त्यांनी ‘नथिंग’ असं नाव दिलं आणि पुढे नुसते आकडे, चोवीसपर्यंत. त्यातल्या एका तुकड्यात राइटने पियानोवर वरच्या पट्टीतला एकच स्वर वाजवला होता. तो लेस्ली नावाच्या फिरत्या ध्वनिवर्धकातून बाहेर काढला होता, त्यामुळे खोल पाण्यातून आल्यासारखा घुमत होता. त्या एका स्वराभोवती हळूहळू ‘एकोज’ उभं राहिलं. गंमत म्हणजे स्टुडिओत पुन्हा तोच नाद काढायला गेले तर तो निघेना. पियानो आणि लेस्ली यांच्यातली ती विशिष्ट गुंज जमली ती जमली. अखेर मूळ चाचणीतलाच स्वर घेऊन पुढचं ध्वनिमुद्रण त्याला जोडलं गेलं.

साडेतेवीस मिनिटांच्या या रचनेने ‘मेडल’ची दुसरी बाजू पूर्ण व्यापली आहे. तो स्वर येतो, थांबतो, पुन्हा येतो. गिटार दबकत आत शिरते, मग बास, मग ड्रम. गायन सुरू व्हायला बराच वेळ लागतो, आणि एव्हाना आपला श्वास त्या लयीला लागलेला असतो. पाश्चात्त्य रॉककडे हिंदुस्थानी संगीतातून येणाऱ्या मराठी श्रोत्याला मी ‘एकोज’च का सुचवतो, ते इथे कळेल. अमीर खाँसाहेबांच्या एका तबकडीवर एका बाजूला मारवा आहे, दुसऱ्या बाजूला दरबारी. ती तबकडी काढणारी ग्रामोफोन कंपनी आणि पिंक फ्लॉइडची कंपनी मुळात एकाच ईएमआय कुटुंबातली. एका बाजूवर मावणारी वीस-पंचवीस मिनिटं सलग मिळाल्यावर त्यांचं काय करायचं, हा प्रश्न दोन्हीकडे होता. तीन मिनिटांच्या गाण्यांवर वाढलेल्या कानाला ‘एकोज’ लांब वाटेल. विलंबित ख्यालाची सवय असलेल्याला मात्र सुरुवातीच्या मोकळ्या जागेत अवघडल्यासारखं होणार नाही.

मध्यावर रचना मोडते. ताल नाहीसा होतो, वाऱ्यासारखा घोंगावणारा आवाज उरतो आणि त्यात कुठला तरी समुद्रपक्षी किंचाळल्यासारखे सूर येतात. ती गिल्मरची गिटार आहे. वा-वा पेडलच्या वायरी उलट्या जोडल्या की तो असा ओरडतो. कित्येक श्रोते हा भाग पुढे सरकवतात, आणि माझ्या मते तिथेच ‘एकोज’ हातातून सुटतं. कारण त्या काळोखानंतर पियानोचा पहिला स्वर परत येतो आणि सगळी वाद्यं पुन्हा एकेक करून उभी राहतात. ते उभं राहणं ऐकायचं तर आधीचं कोसळणं सोसलेलं असावं लागतं.

‘एकोज’चे शब्द वॉटर्सचे आहेत. दोन अनोळखी माणसं रस्त्यात समोरासमोर येतात आणि एकमेकांत स्वतःला पाहतात, एवढाच धागा. पुढे ‘डार्क साइड’मध्ये वेळ, पैसा, वेड असे विषय आले, त्या सगळ्यांच्या तळाशी हीच माणसाबद्दलची कणव आहे. पण गातात गिल्मर आणि राइट, दोघे एकत्र, आणि आवाज इतके मिसळलेले की कोणता कुणाचा हे शोधावं लागतं. २००६च्या दौऱ्यात दोघांनी हे पुन्हा एकत्र वाजवलं. २००८च्या सप्टेंबरमध्ये राइट गेला, आणि गिल्मरने त्यानंतर ‘एकोज’ वाजवणं सोडून दिलं. आठ वर्षांनंतर पाँपेईच्या त्याच प्राचीन रंगमंडलात, जिथे १९७१मध्ये बँडने प्रेक्षकांविना हे वाजवून चित्रित केलं होतं, तिथे तो पुन्हा उभा राहिला तेव्हाही नाही.

पहिल्या बाजूबद्दल फार लिहायला नको. ‘वन ऑफ दीज डेज’मधल्या दोन बासगिटारींचा धडधडाट अजून अंगावर येतो, ‘फिअरलेस’ सुंदर आहे, आणि कुत्र्याच्या रडण्यावर केलेलं ‘शेमस’ नसतं तरी चाललं असतं. पण ही असमानता नव्या श्रोत्याला उपयोगाची आहे. कुठे जमलं, कुठे नाही, हे त्याचं त्याला ठरवता येतं. निर्दोष अल्बमसमोर त्याला ही मुभाच नसते.

यानंतर मात्र ‘डार्क साइड’ लावावा. आता ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये क्लेअर टोरी शब्दांवाचून गाते, तेव्हा तिच्या आवाजाखालचे राइटचे पियानो-स्वर वेगळे ऐकू येतात. मग १९७५चा ‘विश यू वेअर हिअर’. हे ध्वनिमुद्रण चालू असताना बॅरेट अचानक स्टुडिओत आला होता, आणि डोक्यावरचे केस आणि भुवया काढलेल्या त्या स्थूल माणसाला जुन्या सोबत्यांनी आधी ओळखलंच नाही. ‘पायपर’ ऐकायची खरी वेळ आत्ता येते. कुणाची उणीव आहे हे माहीत झाल्यावर त्या अल्बममधला खोडकरपणा जिव्हारी लागतो.

हे सगळे अल्बम सलग ऐकावेत, हेही सांगायला हवं. गाणी सुटी विकण्यावरून पिंक फ्लॉइड ईएमआयविरुद्ध लंडनच्या उच्च न्यायालयात गेला आणि २०१०मध्ये निकाल बँडच्या बाजूने लागला. पुढच्याच वर्षी नवा करार होऊन गाणी सुटीही मिळू लागली, तो भाग निराळा. त्या खटल्यात बँडची बाजू मला आजही पटते.

१९७७चा ‘अ‍ॅनिमल्स’ कडवट आहे, मला फार आवडतो, आणि पिंक फ्लॉइडच्या अल्बमांत रचनाकार म्हणून राइटचं नाव कुठेच नाही असा तो पहिला. १९७९चा ‘द वॉल’ सगळ्यांत शेवटी ठेवावा. आपल्याकडे कित्येकांना हा बँड ‘अनदर ब्रिक इन द वॉल’मुळेच कळला, म्हणून हे विचित्र वाटेल. चार बाजूंवर सव्वीस तुकडे, प्रत्येक वॉटर्सच्या कथेला घट्ट बांधलेला, आणि त्याच्याच ध्वनिमुद्रणादरम्यान राइटला बँडमधून काढण्यात आलं. पुढच्या दौऱ्यात तो पगारी वादक म्हणून वाजवत होता. ‘द वॉल’ ताकदीचा आहे, पण तो पहिला ऐकला तर असा कुणी माणूस या बँडमध्ये होता, हेच कळत नाही.