आधी श्वास

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १ जून २०२३ पासून एक कायदा लागू झाला. अफूच्या जातीच्या औषधाची मात्रा अति होऊन कामावर कुणी कोसळण्याचा धोका मालकाला ठाऊक असेल, तर त्याने तिथे नॅलोक्सोन ठेवले पाहिजे. ते द्यायला शिकलेला माणूसही जवळ हवा.

अशा मात्रेने श्वास मंदावतो, मग थांबतो. नाकात फवारलेले नॅलोक्सोन काही मिनिटांत तो परत आणू शकते. त्याचा अंमल लवकर ओसरतो, म्हणून इस्पितळ मात्र गाठावेच लागते.

‘म्हणजे मालकाने व्यसनाची सोय करायची?’ असे कुणीही पापभीरू माणूस विचारील. माझ्याही मनात तेच आले. पण पाठ दुखावलेला गवंडी डॉक्टरांच्याच चिठ्ठीने गोळ्या घेऊ लागलेला असू शकतो. आणि चूक त्याचीच असली, तरी काय? वाळूच्या बादल्या टांगताना आग कोणाच्या विडीने लागेल, हे आपण विचारीत नाही. बोध असो वा शिक्षा, माणूस जगला तरच ती द्यायची.

तरीही एक अडचण उरतेच. नोकरी जाईल या धास्तीने माणूस दार लावून एकटाच गोळी घेतो. बाहेर भिंतीवर औषध असते, पण आत कोण पडले आहे हे कुणालाच ठाऊक नसते. ते दार कायद्याने उघडत नाही. शेजारी काम करणाऱ्याला ‘मला हा त्रास आहे’ असे निर्धास्तपणे सांगता आले, तरच ते उघडेल. औषध विकत आणता येते. हा विश्वास मात्र रोजच्या वागण्यातूनच मिळवावा लागतो.