खाडा

बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या एका वाडीतून दोन जावा दिवाळी सरताच कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेल्या. दोन्ही घरांत मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल आधीच खर्ची पडलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातल्या एकाने जरी दिवस मोडला तरी खाडा पडतो आणि दंड हिशेबात लागतो.

पहाटे चारला उसाच्या फडात उतरायचं. रात्री अपरात्री गाडी आली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढायचं. राहायच्या कोपीजवळ ना मोरी, ना संडास. पाळीचं कापड धुवायला पाटाचं पाणी आणि वाळवायला आडोसा नाही. दोघींचंही ओटीपोट दुखू लागलं, अंगावरून जाऊ लागलं.

थोरलीने खाड्याच्या धाकाने दुखणं अंगावर काढलं. हंगाम संपून पट्टा पडल्यावर खासगी दवाखान्यात गेली. "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल," एवढंच तिला सांगितलं. तिशीही उलटली नव्हती. ऑपरेशनसाठी पुन्हा उचल घेतली. कंबर धरली ती धरलीच. पुढच्या हंगामात मोळ्या बांधायला तिची सातवीतली लेक शाळा सोडून उभी राहिली.

धाकटीला टोळीतल्या एका म्हातारीने हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. "तुझ्या मोळ्या आम्ही वाहू," बाकीच्या म्हणाल्या. तिच्या वाट्याचा ऊस टोळीने तोडला, टन भरले, मुकादमाला खाडा मांडता आला नाही. डॉक्टरांनी जंतुसंसर्ग सांगितला, नवरा-बायको दोघांनाही गोळ्या दिल्या. ती बरी झाली. उचल वाढली नाही, म्हणून पोरगी गावी आजीपाशी राहिली. शाळेच्या हंगामी वसतिगृहात तिला दोन वेळचं जेवण मिळालं. ती आठवीत गेली.

आजार एकच होता. पण टोळी मायाळू निघाली म्हणून एक घर सावरलं, यावर समाधान मानणं मला पटत नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यानंतर तिथे या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं आलं. पण दुखणं दवाखान्यात सुरू होत नाही, ते फडात सुरू होतं. कारखान्यांनी मुकादमांना आजारपणाचा आणि पाळीचा खाडा बंद करायला लावावा, कोपीजवळ पाणी आणि संडास द्यावा. हे येत्या हंगामाआधी करता येण्यासारखं आहे.